बुद्ध पौर्णिमेला दाखवलेली जपानी फिल्म

एक फिल्म मी आयुष्यात एकदाच पाहिली, तीही काळ्या-पांढऱ्या रंगात, भर दुपारी, पत्र्याच्या विहारात घाम पुसत. मुळात ती रंगीत होती. तिची भाषा आमच्यापैकी कोणालाच येत नव्हती. गोष्ट कळली असं म्हणणारा माणूस गावात एकच निघाला आणि तो माझा बाप होता. त्या फिल्मपायी बाबा माझ्या मोठ्या भावाशी दहा वर्षं बोलले नाहीत. आता लोक तिला जपानी कार्टूनमधली थोर फिल्म म्हणतात, तिच्यावर लेख लिहितात. तिचं नाव मला बरीच वर्षं माहीत नव्हतं आणि इथं ते सांगायची गरजही नाही.

आमचं गाव चिखलीकडच्या उंद्रीच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत. बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी आणि आमच्या विहार समितीचे सचिव. आवाज मोठा, अक्षर सुंदर आणि घाई दांडगी. आधी निर्णय घ्यायचा, मग तो विहाराच्या भोंग्यावरून जाहीर करायचा आणि त्यानंतर घरी सांगायचा, अशी त्यांची पद्धत होती. माझं नाव कोणत्या शाळेत घातलं हे मला भोंग्यावरून कळलं. आमच्याकडे भोंग्यावर सांगितलेली गोष्ट म्हणजे झालेली गोष्ट. लग्नाची तारीख असो की लसीकरण, एकदा भोंग्यावर आलं की त्यात कोणी बदल करत नसे, कारण माघार घेणाऱ्याला गाव वर्षभर नावं ठेवायचं.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आयटीआय करून तो औरंगाबादला एका कारखान्यात फिटर झाला होता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी नववीत होते. त्याच्या कारखान्यात जपानहून एक मोठं मशीन आलं आणि ते बसवायला एक जपानी इंजिनियरही आला. दादा त्याच्या हाताखाली. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे चांगलं जमलं. एका सुट्टीला दादानं त्याला अजिंठा दाखवला. तिथल्या निजलेल्या बुद्धासमोर तो माणूस कमरेत वाकला, तेव्हा दादानं त्याला सांगितलं की आम्हीही बौद्धच आहोत. त्यानं दादाचे दोन्ही हात धरून ठेवले. परत जाताना त्यानं दादाला एक व्हिडिओ कॅसेट भेट दिली. तिच्यावर चित्र नव्हतं, एका पट्टीवर जपानी अक्षरं लिहिली होती, बस.

दादा ती घेऊन एक दिवसासाठी घरी आला. त्यानं हातपाय धुतले, माय भाकरी वाढत होती आणि बाबा कॅसेट उलटीपालटी करून पाहत होते.

"जपानी सायबानं देली," दादा म्हणाला.

"काय हाय याच्यात?"

"फिल्म हाय. तिकडची."

"आपन बौद्ध हाव हे त्याले माहीत हाय?"

"हाव. म्याच सांगितलं न त्याले. अजिंठ्याले."

बाबांना एवढं पुरे होतं. जपान हा बुद्धाचा देश. तिथला माणूस अजिंठ्यात वाकतो, हा मुलगा बौद्ध आहे हे त्याला कळतं आणि तो फिल्म भेट देतो. मग ती कशाची असणार? मला विचाराल तर हिशोब चुकीचा नव्हता. मीही तोच केला असता. बाबा चपला घालून निघाले आणि दादाचा दुसरा घास व्हायच्या आत भोंगा वाजला. समस्त उपासक-उपासिकांना कळवण्यात येत होतं की येत्या बुद्ध पौर्णिमेला दुपारी दोन वाजता विहारात भगवान बुद्धांच्या जीवनावरील जपान देशाची फिल्म दाखवण्यात येईल. दादाचा हात ताटातच थांबला. माय म्हणाली, "जेव न बाप्पा." तो जेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं कामावर परत गेला.

पौर्णिमेपर्यंत कॅसेट विहारात मूर्तीच्या पायाशी एका ताटलीत ठेवलेली होती. बायका रोज तिच्यावर मोगऱ्याची फुलं वाहत, मेणबत्ती लावत. त्या दिवशी चिखलीहून व्हीसीआर आणि कलर टीव्ही घेऊन मेकॅनिक आला, त्याला आधी कॅसेटच्या फटीतून दोन पाकळ्या चिमट्यानं काढाव्या लागल्या. खिडक्यांना चादरी बांधल्या होत्या. सकाळच्या वंदनेसाठी आलेले भंते बाबांच्या आग्रहानं थांबले होते, त्यांना पुढे खुर्ची दिली. म्हाताऱ्या बाया पांढरी लुगडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. दादाही आला होता. तो मागे, दाराजवळ उभा राहिला.

कॅसेट लागली तर चित्र सारखं वर पळायला लागलं. मेकॅनिकनं मागचं बटण फिरवून फिरवून ते जागेवर आणलं, पण रंग काही येईना.

"कलर येनार नाही गुर्जी. तिकडची सिस्टीम अलग हाय."

"चालते," बाबा म्हणाले. "धम्माले रंग कायले पायजे?"

पडद्यावर एक शहर आलं. आकाशाला टेकलेल्या इमारती, दिवेच दिवे. कार्टून आहे हे पाहून लोक जरा चुळबुळले. बाबा शाळेतली छडी घेऊन टीव्हीच्या बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "हे कपिलवस्तू. आजच्या काळातलं दाखवलं हाय." मग मोटारसायकलवर एक तरुण पोरगा आला. बाबांची छडी अधांतरी राहिली. एवढ्या वर्षांत त्यांना वर्गात अडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "राजपुत्र," ते म्हणाले. "घोड्याच्या जागी गाडी हाय. राजवाडा सोडून चालला." तेवढ्यात त्या पोरानं भरधाव गाडी एकदम आडवी केली. चाकं घासत, धूर काढत ती पडद्याभर सरकली आणि थांबली. तो एक पाय जमिनीला टेकून आमच्याकडे पाहत होता. तसं काही आम्ही कधी पाहिलेलंच नव्हतं.

पुढे फौज आली, गोळीबार झाला, एकाच्या हातातून तारा आणि नळ्या निघून सगळीकडे पसरल्या. बाबांनी छडी टेकवली. "ही माराची सेना. ही तृष्णा. वाढली का मानसाले अशी गिळते." म्हाताऱ्या माना हलवत होत्या. खरं सांगते, बाबांचं ऐकत पाहिलं तर सगळं जुळत होतं. शेवटी पांढरा उजेड फुटला आणि सगळं शहर त्यात गेलं, तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायांनी हात जोडले आणि तीनदा "साधु" म्हटलं. बाबांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

खिडक्यांबाहेर पोरं मघापासून हसत होती, त्याचं काही नाही. पण उजेड झाल्यावर भंतेंनी सहज विचारलं, "गुरुजी, ही तुम्ही आधी पाहिली होती का?"

"नाही, भंते."

"तरी तुम्ही बरंच समजावून सांगितलं."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग ते हसू विहारभर पसरलं. मीही हसले. ही गोष्ट मी घरात कोणालाच कधी सांगितली नाही.

बाबांनी दाराकडे पाहिलं. "तुले माहीत होतं?" त्यांनी दादाला सगळ्यांसमोर विचारलं. दादा खाली मान घालून उभा राहिला, हो नाही की नाही नाही. बाबांचा चेहरा उतरला. "गावासमोर बापाचा तमाशा केला तुनं," ते म्हणाले. "म्या बोलावल्याबिगर या घरात पाय ठेवू नको." भोंगा बंद होता, पण सगळी वस्ती समोर होती. म्हणजे ते भोंग्यावर सांगितल्यासारखंच झालं. दादा मेकॅनिकच्या गाडीत टीव्हीशेजारी बसून चिखलीला गेला आणि तिथून औरंगाबादला. कॅसेट बाबांनी कुठे ठेवली की फेकली, ते आम्हाला कळलं नाही.

त्यानंतर दादाची पत्रं मायच्या नावानं येत आणि मी वाचून दाखवी. त्याचं लग्न औरंगाबादला झालं, नोंदणी करून. मी आणि माय गेलो. बाबा म्हणाले, "मले शाळा हाय." तेव्हा शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती.

बाबांनी ते जितकं गाडलं, तितकं गावानं वर काढलं. पंधरा दिवसांत पोरांनी विहारापुढच्या उतारावर सायकली आडव्या सरकवायला सुरुवात केली. जोरात यायचं, ब्रेक दाबायचा, मागचं चाक फिरवायचं आणि एक पाय टेकवून बघायचं. त्याला नाव पडलं 'जपान'. "जपान मार बे," असं एकमेकांना सांगून पोरं गुडघे फोडून घेत. गोष्ट कोणालाच आठवत नव्हती, वळण मात्र सगळ्यांच्या अंगात भिनलं होतं. बाबांना मागून 'जपानी गुर्जी' म्हणत. ते त्यांना ऐकू यायचं, हे त्यांच्या चालण्यावरून कळायचं.

वर्षभरानं चिखलीच्या स्टँडवर प्रवासी नेणाऱ्या एका काळ्या-पिवळ्या जीपच्या मागे मी ते चित्र पाहिलं. आडवी मोटारसायकल, तसाच टेकलेला पाय, मागे धूर. पेंटरनं ते मेकॅनिकच्या तोंडून ऐकून काढलं होतं, त्यामुळे गाडी निळी झाली होती आणि त्या पोराच्या पायात स्लीपर होती. मी जीप निघेपर्यंत तिथंच उभी राहिले. तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की ही फिल्म फालतू नसावी. फालतू गोष्ट एवढी पुरत नाही. आणि फिल्म जर मोठी असेल, तर ती देणाऱ्यानं मनापासून दिली असणार, आणणाऱ्यानंही चेष्टा केली नसणार. दादाला आत काय आहे हे माहीत नव्हतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. बाबांना पुरावा दिला की झालं. मी माझ्या बापाचीच लेक, हिशोब करायला मलाही वेळ लागत नाही.

मग मी पुरावे गोळा करायला लागले. मला नांदुऱ्याला पोस्टात नोकरी लागली, तिथं खोली करून राहायला लागले, आणि हा उद्योग सोपा झाला. लहान मुलांच्या मासिकांचे गठ्ठे माझ्या हातून जात. एकदा वेष्टण फाटलेल्या अंकाच्या मुखपृष्ठावर तोच पोरगा दिसला. फक्त त्याच्या अंगात अवकाशवीराचा पोशाख होता. नांदुऱ्याच्या टॉकीजमध्ये एका हिंदी सिनेमात हीरोनं खलनायकापुढे गाडी तशीच आडवी घातली, तोच कोन, तोच धूर. मी खुर्चीतून उभी राहिले आणि मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या. पोस्टातल्या बाईंच्या घरी केबल होतं, त्यावर अमेरिकन कार्टूनमधलं एक अस्वल तसंच थांबलं. मलकापूरला व्हिडिओ गेमच्या दुकानात पोरं बटणं दाबून तेच वळण घेत होती. कळस म्हणजे तिथल्या एका मंडळानं गणपतीच मोटारसायकलवर बसवला होता. मागे थर्माकोलच्या उंच इमारती, गाडी आडवी, उंदीर मागच्या सीटवर. हे कुठून सुचलं म्हणून विचारलं तर मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "आमची सोताची आयडिया हाय ताई."

मी हे सगळं एका वहीत लिहायची. कुठं दिसलं, काय तसंच होतं, काय बदललं होतं. कात्रणं चिकटवायची, नाही मिळालं तर पेन्सिलनं काढायची. सुट्टीत घरी गेले की बाबांपुढे ती वही ठेवायची. बाबा चष्मा लावून एकेक पान पाहत. माझं अक्षर कसं बिघडलं आहे हे सांगत. मग वही मिटत.

"मोठी असंल फिल्म," ते म्हणत. "पन बुद्धाची नव्हती."

मला संताप यायचा. मी मायजवळ जाऊन बडबडायची. माय तांदूळ निवडता निवडता ऐकायची आणि काही बोलायची नाही. ती कशावरच काही बोलायची नाही. आमच्या घरात बोलण्याचं काम बाबांकडे होतं.

वही भरत गेली तसं एक माझ्या लक्षात आलं. घेणारे सगळे तेवढंच घेत होते. ती गाडी, ते वळण, तो पाय. त्या फिल्मला काय म्हणायचं होतं, ते शहर का गेलं, त्या दुसऱ्याच्या हातातून तारा का निघाल्या, याची चौकशी कोणी करत नव्हतं. करायची गरजही नव्हती म्हणा, वळणच इतकं झकास होतं. पण त्या फिल्ममध्ये अर्थ शोधणारा मला तोवर भेटलेला माणूस एकच, छडी घेऊन घामाघूम उभा राहिलेला माझा बाप. त्याला आम्ही हसलो होतो. हे मनात आलं त्या दिवशी मला टपाल वर्गवारीच्या टेबलावर रडू आलं.

एकदा वर्तमानपत्रात मोटारसायकलची जाहिरात आली, काळी-पांढरी, हुबेहूब तीच पोझ. मी कापून दादाला पाठवली. त्याचं कार्ड आलं, "गाडी आपलीच आहे. पण खरी लाल आहे, लालभडक." ते कार्ड मी वहीत चिकटवलं आणि पुढच्या कामाला लागले.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मलकापूरच्या बाजारात टी-शर्टच्या ढिगावर मला ते चित्र दिसलं, या वेळी पेंटरचं नव्हे, मूळ छापलेलं. गाडी लाल होती. लालभडक. मी दुकानदाराला म्हटलं, "अरे, ही लाल होती का?" तो म्हणाला, "दुसरा कलर नाही यात." मी शर्ट हातात घेतला आणि मग मला दादाचं कार्ड आठवलं. आम्ही ती करडी पाहिली होती. विहारातल्या एकाही माणसानं त्या गाडीचा रंग पाहिला नव्हता. दादानं तर माझ्या दोन वर्षं आधी तो सांगितला होता.

तरीही मी स्वतःला समजावलं की त्यानंही शर्ट पाहिला असेल, पोस्टर पाहिलं असेल. पण समजूत काही पटेना. पुढच्या रजेला मी औरंगाबादला गेले. वहिनी स्वयंपाकघरात होती. मी दादाला सरळ विचारलं, "फिल्म तू आधी पाह्यली होती?"

त्यानं एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. "हाव," म्हणाला. "सायबाच्या गेस्ट हाऊसवर. दोनदा. म्हनूनच त्यानं मले देली, मले आवडली होती न."

"मंग बाबाले काऊन नाही सांगितलं?"

"कवा सांगू? घास तोंडात होता तं भोंगा वाजला. मंग जाऊन म्हनू का, बाबा, तुमचं चुकलं, माघार घ्या म्हनून? आपल्या घरात कोनी म्हटलं हाय असं कधी?" त्यानं चहाचा कप बाजूला सरकवला. "वाटलं, व्हीसीआर येनार नाही. लाईट जाईल. काहीतरी होईल. आन त्या दिवशी ते छडी घेऊन उभे राह्यले तवा मले वाटलं, निभलं. त्यायनं सगळं जुळवलं होतं न."

मला त्याचा राग आला आणि दुसऱ्याच मिनिटाला त्याची कीव आली. इतकी वर्षं मी ज्याचा पुरावा गोळा करत होते, ते खरंच नव्हतं. बाबांनी धरलं होतं ते अर्धं बरोबर निघालं. दादाला माहीत होतं. फक्त चेष्टा केली नव्हती. परतीच्या गाडीत मी वही उघडली नाही. आता तिचं काय करायचं तेही मला कळत नव्हतं.

मी गप्प बसले असते तर सगळं सुखासुखी झालं असतं, हे मला आजही वाटतं. कारण महिनाभरात बाबांना जे हवं होतं ते आपोआप मिळालं. बाबा रविवारची पुरवणी जाहिरातींसकट वाचतात. तिच्यात पानभर लेख आला. जगभरच्या सिनेमांनी, गाण्यांच्या व्हिडिओंनी, जाहिरातींनी त्या एका जपानी कार्टून फिल्ममधून काय काय उचललं, त्यावर. सोबत ते आडव्या गाडीचं चित्र. मी घरी गेले तेव्हा बाबांनी लेखाखाली पट्टी धरून रेघा ओढून ठेवल्या होत्या.

"वाच," ते म्हणाले. मी वाचायला लागले, तर मध्येच तेच सांगायला लागले. तिकडच्या जाणकारांनी लिहिलं होतं म्हणे, की ही गोष्ट माणसाच्या हावेची आहे, हाती आलेली ताकद त्याला कशी गिळते त्याची आहे. "म्या काय सांगितलं होतं? तृष्णा. हेच सांगितलं होतं न?" एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. मग ते हळू आवाजात म्हणाले, "त्या जपान्यानं चांगलीच वस्तू देली होती. पोरानं चेष्टा नाही केली. त्याले बिचाऱ्याले काय माहीत आत काय हाय ते. माह्यंच चुकलं. बोलावतो त्याले."

माय दारात येऊन उभी राहिली होती. मला फक्त मान हलवायची होती. पण मग दादा खोट्या आधारावर घरात आला असता, आणि आमच्या घरात आणखी एक गोष्ट कोणी न बोललेली राहिली असती.

"त्याले माहीत होतं बाबा," मी म्हटलं. "त्यानं आधीच पाह्यली होती."

बाबांनी पुरवणीची घडी घातली. "मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"भेला."

"कोनाले?"

"तुमाले."

बाबांनी चष्मा काढला. शाळेतली शेकडो पोरं त्यांच्या धाकात वाढली होती आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पण हे त्यांनी घरातल्या माणसांबद्दल कधी ऐकलं नव्हतं. कोणी सांगितलंच नव्हतं तर ऐकणार कुठून.

"आन तू?" त्यांनी विचारलं. "तू बी भेतं का मले?"

"हाव," मी म्हटलं. म्हणताना मी नकळत मायच्या बाजूला सरकले होते, म्हणजे उत्तर खरंच होतं.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेत होतो तेव्हा त्यांनी घसा खाकरला. "चौदा एप्रिलच्या जयंतीले त्याले बोलावतो," ते म्हणाले. "त्याले, सूनबाईले. भोंग्यावर सांगतो का माह्या पोराची चूक नव्हती." एवढं बोलून ते उठले नाहीत. बसून राहिले. मग कोणाकडेही न पाहता म्हणाले, "कोनाले काही म्हनायचं हाय का?"

आम्हाला या प्रश्नाची सवयच नव्हती.

"मले म्हनायचं हाय," माय म्हणाली.

बाबांनी मान वर केली. मीही. तिनं कप खाली ठेवला, पदरानं हात पुसले.

"बोलावू नका त्याले. दहा वर्षं त्यानं तुमच्या बोलावन्याची वाट पाह्यली. लगनात तुमची खुर्ची मांडून ठेवली होती त्यानं, कोनाले बसू नाही देलं. आता तुमी जा. आन जयंतीची वाट पाहू नका. आजच जा."

एवढं सलग बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. तिचा आवाज वाढला नव्हता, डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं आणि ते ती पुसत नव्हती. बाबा काहीतरी म्हणतील असं वाटलं. ते उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मायनं पिशवीत भाकरी बांधून दिली. दहाची गाडी पकडायची म्हणून ते निघाले, अंगणापर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

परत येऊन त्यांनी मला विचारलं, "राह्यते कुठी तो?"

माझ्या हातून रोज शेकडो लोकांचे पत्ते जात. माझ्या बापाला त्याच्या मुलाचा पत्ता माहीत नव्हता. मी वहीचं शेवटचं पान फाडलं आणि त्यावर घराचा नंबर, गल्ली, जवळची पाण्याची टाकी, सगळं मोठ्या अक्षरात लिहून दिलं. बाबांनी उभ्यानं ते दोनदा वाचलं, घडी करून वरच्या खिशात ठेवलं आणि त्यावर हात धरूनच ते गाडीकडे गेले.